ऑइल कमी झालं तर आधी शोध, मग ओत

पोरी, ब्रेकचं ऑइल इंजिनच्या ऑइलसारखं जळत नाही आणि डिझेलसारखं खर्चही होत नाही. बंद नळ्यांमध्ये ते कोंडलेलं असतं आणि तिथंच राहायला हवं. म्हणून बॉनेटखालच्या त्या पांढऱ्या डबीत पातळी उतरलेली दिसली, तर ‘कुठलं ऑइल टाकू?’ असं विचारू नकोस. आधी विचार, ‘गेलं कुठं?’ कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, ते ऑइलची बाटली पोरांच्या हाती कधी लागू द्यायचे नाहीत. गळती सापडली की मगच कपाटाची किल्ली बाहेर यायची. तू आता मोठी गाडी घेतलीस, घरचे सात जण तिच्यात बसणार, तर त्यांची ती शिस्त मी तुला देतो. बाकी जे सांगेन ते सगळं तिच्याच पोटात येतं.

ऑइल कुठं गेलं याची उत्तरं दोनच असतात. पहिलं साधं आहे. पॅड झिजतात तसे कॅलिपरमधले पिस्टन थोडे थोडे बाहेर येतात, त्यांच्यामागे मोकळी झालेली जागा ऑइल भरतं आणि डबीतली पातळी महिन्यामहिन्यानं किंचित खाली येते. यात बिघाड काही नाही, पॅड किती उरलेत ते बघायची ती वेळ असते. तीन मिलिमीटरपर्यंत आले की बदलायचे. दुसरं उत्तर म्हणजे गळती. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरली, किंवा आठ-पंधरा दिवसांत उतरली, तर गळती आहेच असं धरून चाल. दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नकोस.

या दोन्हींत घात करणारी गोष्ट एकच: आपुलकीनं केलेला टॉपअप. गाडी धुवायला टाकली की तिथला पोरगा बॉनेट उघडतो आणि ‘मॅडम, ब्रेक ऑइल कमी होतं, भरून टाकलं’ म्हणतो. आपल्यालाही त्यानं काळजी घेतली असं वाटतं. खरं तर हाताशी असलेला एकुलता एक पुरावा त्यानं पुसून टाकलेला असतो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलले की तेच जास्तीचं ऑइल डबीतून उतू जातं आणि ज्या पत्र्यावर सांडेल त्याचा रंग खातं. म्हणून गाडी देतानाच सांगायचं, ब्रेकच्या डबीला हात लावू नका. तुझ्याकडे फोन आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाडी सपाट जागी उभी करून डबीचा फोटो काढून ठेव. डबीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. चार महिन्यांचे फोटो शेजारी ठेवलेस की कुठल्याही मिस्त्रीपेक्षा तुला जास्त कळेल.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो आणि डबीतलं ऑइल खाली गेलं तरी तोच लागतो. त्यामुळे लोक हँडब्रेक पुन्हा खालीवर करून बघतात आणि पुढे निघतात. डबीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी मिनच्या आसपास आली की वळणावर किंवा चढाला ऑइल एका बाजूला सरकतं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा क्षणभर लुकलुकून विझतो. हे लुकलुकणं म्हणजे पहिली हाक. ‘वायरिंगचा लोच्या असेल’ असं म्हणून ती सोडायची नाही. एबीएसचा पिवळा दिवा वेगळा. तो एकटाच लागला तर साधा ब्रेक बहुधा चालू असतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. ‘घरापर्यंत जाऊ’ नाही.

आता मोठ्या गाडीची गोष्ट वेगळी का, ते सांगतो. तुझी गाडी रिकामी असताना दोन टनांच्या आसपास आहे. सात माणसं, टपावर बॅगा, मागे आजीचं लोणचं आणि तांदळाची गोणी चढली की ती अडीच टनांकडे जाते. वेग दुप्पट केलास की थांबवायची ऊर्जा चौपट होते. एवढं सगळं रोखायचं ते पॅडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधल्या रबरी कपांच्या भरवशावर. हे कप नखाएवढे असतात आणि त्यांची किंमत गाडीच्या एका हप्त्यापुढे काहीच नसते. खबरदारी म्हणून मास्टर सिलिंडरचे दोन भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग दोन-दोन चाकं सांभाळतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत बहुधा पुढची दोन आणि मागची दोन अशी वाटणी असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ती तिरकी असते. एक भाग रिकामा झाला तरी दुसरा राहतो. पण थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. त्यामुळे पुढचा भाग गेला तर जो ब्रेक उरतो तो अर्ध्याहून बराच कमी असतो, हे मनात ठेव.

गळती शोधायला गाडीखाली सरपटावं लागत नाही. रात्री गाडी लावताना खाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेव. चाकांच्या आतल्या बाजूला आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या भागाला तो पोचला पाहिजे. सकाळी डाग दिसला तर बोट लावून बघ. एसीचं पाणी असेल तर ते स्वच्छ, बिनवासाचं आणि वाळून जाणारं. एसी चालवून आल्यावर ते पडतंच, त्याला घाबरू नकोस. इंजिन ऑइल काळं आणि दाट. कूलंट हिरवा किंवा गुलाबी. डिझेल वासावरून कळतं. ब्रेक ऑइल पातळ, बोटांत बुळबुळीत, नवं असेल तर फिकट पिवळं आणि जुनं झालं असेल तर चहाच्या रंगाचं. बोट साबणानं धू आणि डोळ्याला लावू नकोस.

पुठ्ठा कोरडा राहिला तरी चौकशी संपत नाही, कारण बऱ्याच गळत्या जमिनीपर्यंत येतच नाहीत. मागच्या चाकात ड्रम असेल तर त्याच्या आत छोटा व्हील सिलिंडर असतो. त्याचा कप खराब झाला की ऑइल ड्रमच्या आतच झिरपतं, लाइनरवर पसरतं आणि धुळीत मुरतं. टायरची आतली बाजू टॉर्च मारून बघ. तिथं ओलसर काळा ओघळ दिसला तर ड्रम उघडायलाच हवा. मिस्त्रीनं ड्रम काढला की व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट हलकेच उचलून दाखवायला सांग. आत ओल असेल तर आज ना उद्या ते बाहेर येणारच. ऑइल प्यालेले लाइनर घासून, पेट्रोलनं धुऊन किंवा तापवून पुन्हा वापरू देऊ नकोस. ते तेल पोटात घेतात आणि पहिल्या मोठ्या ब्रेकला बाहेर टाकतात. दोन्ही बाजूंचे लाइनर आणि दोन्ही सिलिंडरची किट एकदमच बदलायची, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

सगळ्यांत फसवी गळती मास्टर सिलिंडरच्या मागच्या कपातली. तिथून निघालेलं ऑइल मागच्या बूस्टरमध्ये, म्हणजे व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, जातं आणि तिथंच साचत राहतं. खाली थेंब नाही, चाकावर डाग नाही, डबी मात्र उतरत राहते. डोळ्याला काहीच सापडत नसेल तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो किंचित पुढे ओढायला सांग. बूस्टरच्या तोंडाशी ओल दिसली की चोर सापडला. पॅडलच्या वरच्या बाजूला, जिथं दांडा आत जातो तिथंही बोट फिरवून बघ. पुष्कळ गाड्यांत क्लचही याच डबीतलं ऑइल घेतो, त्यामुळे कधी दोष ब्रेकचा नसून क्लच सिलिंडरचा निघतो. तेव्हा गिअर अडकायला लागतात, ती खूण.

बाकी जागा सांगून ठेवतो. चाकाशी वळणारा रबरी होस हातानं वाकवून बघायचा. बारीक भेगा दिसल्या किंवा फुगवटा लागला तर तो बदलायचा. कॅलिपरवर होस जिथं बोल्टनं बसतो तिथले तांब्याचे वॉशर एकदा उघडले की नवेच घालायचे. हवा काढायच्या निप्पलला रबरी टोपी असली पाहिजे, नाहीतर त्यात चिखल बसून तो गंजतो. ज्या गाड्यांत मागच्या एक्सलजवळ वजनाप्रमाणे ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व असतो, तोही पाझरतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि चासीखालून जाणारे लोखंडी पाइप. आपल्या कोकणात, विशेषतः दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांचे पाइप क्लिपखालून गंजतात, कारण खारा ओलावा तिथंच अडकून राहतो. वरून रंग शाबूत दिसतो. क्लिप उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. समुद्राच्या वाळूत गाडी नेलीच, तर घरी येऊन खालून गोड्या पाण्यानं धुऊन काढ. पण नेऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

गाडी उंच करून घ्यायची टूम निघाली आहे. थारसारख्या गाड्यांना स्पेसर घालतात, मोठे टायर बसवतात. गाडी उंच होते, पण ब्रेकचा होस तेवढाच राहतो. खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं की तो ताणला जातो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मोठा टायर त्याला घासतो. ज्याला गाडी उंच करायची असेल त्यानं लांब होसचा खर्च आधी धरावा. तो परवडत नसेल तर गाडी आहे तशी ठेवावी.

डोळ्यांनंतर पाय. ब्रेक काय म्हणतोय ते पायाला आधी कळतं, फक्त त्याच्याकडे लक्ष हवं. रोज गाडी चालू केल्यावर, गिअर टाकण्याआधी, ब्रेक दाबून तीसपर्यंत अंक मोज. पॅडल जिथं थांबलं तिथंच राहिलं पाहिजे. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर ऑइल बाहेर तरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतला कप दाब मागे सोडतोय. आतला कप सोडत असेल तर डबीची पातळी जराही उतरत नाही. ‘ऑइल तर भरलेलं आहे’ म्हणून लोक निर्धास्त राहतात ते इथंच. पॅडल लिबलिबीत लागलं तर नळ्यांत हवा आहे. एकदा दाबल्यावर खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर लागतं, तर हवा तरी आहे किंवा मागचे ब्रेक सैल आहेत. ‘दोन पंप मारले की लागतो’ असं सांगणारा ड्रायव्हर गाडीची सवय झाली म्हणून खुशीत असतो. अशा गाडीत तू बसू नकोस आणि मुलांना बसवू नकोस.

पॅडल उलट दगडासारखं घट्ट झालं तर दोष बूस्टरकडे. तो तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, घट्ट झालं की तसंच दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. गेलं नाही तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप बघायला हवा. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो. जुन्या सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांत तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो, त्यामुळे अल्टरनेटर दुरुस्तीला गेला आणि परत आला की ब्रेकही तपासायचा असतो. हे कुणी सांगत नाही.

आता ऑइलच्या स्वभावाबद्दल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डबीच्या झाकणातून घेतं, रबरी होसमधूनही घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. पाणी मुरलं की ऑइलचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ जातीचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं हेच २३० वरून १५५ होतं. घाटात तापलेल्या ब्रेकपाशी १४० अंश होणं अवघड नाही. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. वाफ दाबली तर दबते, आणि पॅडल तळाला जातं. यातली वाईट गोष्ट अशी की अर्ध्या तासानं ब्रेक गार झाले की सगळं पुन्हा ठीक होतं. गॅरेजवाला म्हणतो, ब्रेक तर उत्तम आहे, ड्रायव्हरच घाबरला असेल. पायथ्याच्या गॅरेजात असे कितीतरी ड्रायव्हर मी खरं बोलताना आणि खोटे ठरताना पाहिले आहेत. म्हणून दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी बदलायचं, कारण पाणी किलोमीटर मोजत नाही.

डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच ऑइल घाल. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव जवळचं वाटलं तरी ते आपल्या ऑइलात मिसळायचं नाही. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही, तिनं तोवर पाणी प्यालेलं असतं. आणि काहीही झालं तरी ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल घालायचं नाही. ब्रेकचे रबर त्या तेलात फुगतात. मास्टर सिलिंडरपासून चारी चाकांपर्यंत सगळे कप आणि होस बदलावे लागतात. घाटात अडकल्यावर कुणीतरी मदतीला येऊन हेच करतो, तेव्हा नम्रपणे नाही म्हण.

चांगल्या कंपनीचं बंद बाटलीतलं ऑइल का, याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये टोयोटानं जगभरातून पंधरा लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यात हायलँडर आणि लेक्सस आरएक्स या मोठ्या गाड्या होत्या. काही गाड्यांत नंतर बदललेल्या दुसऱ्या ऑइलमध्ये रबराला ओलसर ठेवणारे घटक पुरेसे नव्हते. मास्टर सिलिंडरचा कप कोरडा पडून त्याची कड मुडपत होती आणि ऑइल हळूहळू पाझरत होतं. एवढ्या नावाजलेल्या गाडीत एवढ्याशा कपानं हे केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किआनं मिळून तेहतीस लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या, त्यात सांटा फे, टुसाँ, सोरेंटो, स्पोर्टेज होत्या. तिथं ब्रेकचं ऑइल एबीएसच्या खोक्यात आतल्या आत पाझरून शॉर्टसर्किट होण्याचा, अगदी उभ्या गाडीलाही आग लागण्याचा धोका होता. मालकांना गाडी घरापासून दूर उघड्यावर लावायला सांगितलं होतं. तुझ्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून असं काही बोलावणं आहे का ते वर्षातून एकदा बघ. बोलावणं असेल तर काम फुकट होतं. आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला आला आहे.

घाटाचं तुला मुद्दाम सांगायचंय, कारण गणपतीला तू आंबेनळी घाटानं महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणार. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७० मीटरच्या आसपास आहे आणि पोलादपूर अगदी पायथ्याला. अडीच टनांची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे जवळजवळ एक लिटर डिझेल जाळल्यावर निघेल तेवढी उष्णता कुठंतरी सोडावी लागते. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते. उरलेली इंजिननं घ्यायची की ब्रेकनं, हे तुझा गिअर ठरवतो. ज्या गिअरात हा घाट चढली असतीस त्याच गिअरात उतर, फार तर एक वरचा. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घे. वेग वाढल्यावर घेणं कठीण जातं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात धर. ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की नेमका दाबायचा, वेग उतरवायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात तो गार होतो.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे, इंजिन बंद करणारे अजून आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ कात्रजच्या बाजूनं उतरणाऱ्या एका अवजड वाहनानं अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हा ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी सांगितलं होतं. आणि वाचतं काय? आजकालच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही. इंजिन बंद केलंस तर बूस्टरमध्ये फार तर दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

जळका वास आला, किंवा पॅडल घट्ट असूनही गाडी पहिल्यासारखी आवरत नाही असं वाटलं, तर रुंद जागा बघून थांब. हँडब्रेक ओढू नकोस. गिअर टाक आणि चाकाला दगड लाव. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नकोस, लोखंडाला पीळ बसतो. अर्धा तास थांब, मुलांना वडापाव खाऊ घाल. पोचायला उशीर झाला तर मोदक थांबतील. एक अगदी साधी गोष्टही सांगतो: ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली लोळू देऊ नकोस आणि गालिच्यावर गालिचा टाकू नकोस. पॅडलखाली बाटली अडकूनही ब्रेक लागत नाही, आणि तेव्हा शोधायला वेळ नसतो.

इतकं करूनही पॅडल खाली गेलंच, तर पाय उचलू नकोस. माणूस नेमका तिथंच घाबरून पाय काढतो. तळापर्यंत जोरानं दाब. एक भाग गेला असेल तर उरलेला ब्रेक तिथं, शेवटच्या इंचात लागतो. नाहीच लागला तर भराभर पंप मार. त्याच वेळी गिअर एकेक खाली आण, चौथ्यातून एकदम पहिल्यात नको. इंजिन चालू ठेव, किल्ली फिरवू नकोस. हॉर्न आणि धोक्याचे दिवे चालू. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरून तो हळूहळू ओढ, चाक घसरतंय वाटलं की थोडा सोड. बटणाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते ओढून तसंच धरून ठेवलं की गाडी आवरते. तुझ्या गाडीच्या पुस्तकात ते आज वाचून ठेव. ऑटोमॅटिकचा दांडा पीवर टाकू नकोस. आणि जागा निवड: चढ, खडी, मातीचा ढीग, झुडपं. काहीच नसेल तर डोंगराच्या बाजूला गटारात चाकं उतरव आणि कड्याला अंग घासत ने. पत्रा जाऊ दे. दरीच्या बाजूला आणि समोरून येणाऱ्यांच्या अंगावर मात्र जायचं नाही.

ब्रेक गेलेली गाडी पुढे चालवत न्यायची नाही, ओढूनही न्यायची नाही, उचलून न्यायची. रस्त्यात कुणी म्हणेल, गळणाऱ्या चाकाचा पाइप ठोकून बंद करतो, तीन चाकांवर जा. हा जुगाड मी पाहिला आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. ब्रेक लागताच गाडी आडवी फिरते, आणि गावी पोचलेली माणसं ‘चाललंय की’ म्हणून तो तसाच ठेवतात. गॅरेजमध्ये जुने सुटे भाग तुला दाखवायला लाव. काम झाल्यावर हवा नीट काढली का ते विचार. एबीएसचं युनिट उघडलं असेल तर काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनर लागतो, त्याशिवाय पॅडल लिबलिबीतच राहतं. गाडी ताब्यात घेण्याआधी ब्रेक तीसपर्यंत अंक मोजून दाबून बघ. मिस्त्री हसला तर हसू दे.

आणि गणपतीला निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजात घालू नकोस. त्या आठवड्यात प्रत्येक मिस्त्रीकडे रांग असते आणि घाईत केलेला ब्रेक हा न केलेल्या ब्रेकपेक्षा वाईट. निदान दहा दिवस आधी काम करून घे. नवे पॅड, नवे लाइनर गावातल्या रस्त्यावर बसायला थोडे दिवस लागतात. तेवढ्यात डबीची रेघ दोनदा बघून होईल, पुठ्ठाही दोन-तीन रात्री पसरून होईल. रेघ हलली नाही आणि पुठ्ठा कोरडा राहिला, तर मुलांना बसव आणि ये.